गावच्या माणसांची भिंत: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

2017 साली अकरा गावं पुणे महापालिकेत आली, 2021 साली आणखी तेवीस. लोहगाव, धायरी, केशवनगर, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, वाघोली. ग्रामपंचायतीच्या कचेरीवरची पाटी बदलली, शेतांवर टॉवर उभे राहिले, आणि आता दर दुसऱ्या गावात कुणीतरी म्हणतं, "आपल्या गावचा इतिहास भिंतीवर काढू या की!" कल्पना झकास आहे. पण पुढं होतं काय, तर रंगवाल्याला बोलावतात, तो मोबाइलवर चार नमुने दाखवतो आणि भिंतीवर वारलीचा तारपा नाच, एक बैलगाडी आणि डोईवर हंडा घेतलेली बाई उमटते. ती भिंत उचलून नाशकात नेऊन ठेवली तरी कुणाला काही वेगळं वाटणार नाही.

खाली लिहिलंय ते अशा भिंतीचं काम कधीच न केलेल्यांसाठी आहे. मग ते गावातलं तरुण मंडळ असो, नाहीतर सोसायटीत नव्यानं राहायला आलेली चार हौशी माणसं. क्रम शक्यतो मोडू नका. रंगाचे डबे उघडायची वेळ बरीच उशिरा येते.

आधी गावात काय आहे ते बघा

आपल्या माणसांची आठवण चारचौघांत मांडायची रीत इथल्या गावांना नवी नाही. पुण्याच्या आसपास जुन्या महादेवाच्या किंवा मारुतीच्या देवळाच्या आवारात, नाहीतर एखाद्या पाराशेजारी, वीरगळ आढळतात, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गुरं राखताना माणूस पडला असेल तर तळाशी गाई कोरलेल्या दिसतात. एका माणसाची गोष्ट तीन चौकटींत, एकही अक्षर न वापरता सांगितलेली. तुमच्या चित्रकाराला इंटरनेटवरचे नमुने दाखवण्याआधी इथं आणून उभं करा, सकाळी किंवा उन्हं कलताना, कारण तिरप्या उजेडातच कोरीवकाम नीट उठून दिसतं. आणि कृपा करून त्या दगडाला ऑइलपेंट फासू नका, सिमेंटात बसवू नका, कोरीवकाम दिसावं म्हणून पीठ किंवा खडू चोळू नका. जागेवरून हलवायचा असेल तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय नाहीच.

आणखी एक वस्तू शोधा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं बऱ्याच गावांत छोट्या पाट्या बसवल्या. 'या गावातून 1914 ते 1919च्या महायुद्धात इतकी माणसं गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले', एवढाच मजकूर. आकडा आहे, नाव एकही नाही. वीरगळावर माणूस आहे पण बहुधा नाव नाही, आणि पाटीवर तर माणूसही नाही. तुमच्या भिंतीला या दोघांच्या पुढं जायचंय. माणूस हवा, त्याचं नाव हवं, आणि तो काय करायचा हेही हवं.

माणसं गाठा

गावातले दोन आणि सोसायट्यांमधले दोन, असा छोटा गट पुरे. त्यात एक तरी बाई हवीच; कारण खाली येईलच. गावातल्या जुन्या माणसांकडे एकदम सोसायटीच्या माणसानं जाऊ नये. भजनी मंडळातला, तालमीतला किंवा यात्रा कमिटीतला कुणी बरोबर घ्या. त्यानं "आबा, ही आपलीच माणसं" असं म्हटलं की चहा येतो आणि बोलणं सुरू होतं.

विचारायचं काय, यावर सगळं अवलंबून आहे. "गावचा इतिहास सांगा" म्हटलं की आबा-नाना ताठ बसतात आणि पांडवांनी एका रात्रीत बांधलेल्या देवळापासून सुरुवात करतात. (असं देऊळ नसलेलं गाव पुणे जिल्ह्यात मला तरी अजून भेटायचंय.) आजीबाईंचं उलटं.

"आजी, पूर्वी इथं काय होतं?"

"काय असणार बाळा, रानच की सगळं."

संपला विषय. त्याच आजींना विचारा, "पाणी कुठनं आणायचा?" मग ओढ्यातला झरा निघतो, उन्हाळ्यात त्यात खणलेला डुरा निघतो, पहाटे नंबर लावायला ठेवलेल्या घागरी, दुसऱ्याची घागर गुपचूप मागं सारणारी अमकी, आणि कुणाला विहिरीला हात लावू न देता वरून पाणी ओतलं जायचं, हेही निघतं. हे शेवटचंही लिहून घ्या. गोड-गोड तेवढंच भिंतीवर चढवलं तर गावातली निम्मी घरं त्या भिंतीकडे पाठ फिरवतील.

प्रश्न नेहमी वस्तूवरून, कामावरून विचारा. दळण कुठं व्हायचं? विहिरीवर पहिलं इंजिन कुणाचं बसलं? तालमीत वस्ताद कोण होते? बाळंतपणं कोण करायचं? 72च्या दुष्काळात खडी फोडायला कुठं जायचात, सुकडी कुठं वाटायचे? पहिली एसटी गावात आली तेव्हा थांबा कुठं होता? एकेका उत्तरातून दोन-तीन नावं पडतात आणि तीच तुम्हाला हवी असतात. बायकांशी बायकांनीच बोलावं, दुपारच्या वेळी. घरातले पुरुष शेजारी बसले की उत्तरं तेच देतात.

मोबाइलवर रेकॉर्ड करा, आधी विचारून. पंखा बंद करा, नाहीतर नंतर फक्त पंखाच ऐकू येईल. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्यानं म्हणा. जुने फोटो घरी घेऊन जाऊ नका. तिथंच, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलवर टिपा आणि फोटोतली माणसं कोण ते तिथल्या तिथं लिहून घ्या. मंडपातल्या समूहफोटोत तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथा कोण हे सांगणारं माणूस पुढच्या वर्षी भेटेलच असं नाही.

कागदांचं काम

ऐकीव आणि लेखी यांची सांगड घालावी लागते. सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे गावच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर. मुलाचं नाव, बापाचं नाव, धंदा, शाळा सोडण्याचं कारण, सगळं त्यात असतं. मुख्याध्यापकांना रीतसर पत्र द्या. त्यात आजच्या माणसांची खासगी माहितीही असते, म्हणून ते चाळायचं त्यांच्यासमोर आणि टिपायचं फक्त कामापुरतं. दुसरा खजिना म्हणजे यात्रेच्या वर्गणीच्या वह्या. कोणत्या वर्षी कोणता तमाशाचा फड आणला, कुस्त्यांच्या आखाड्याला काय खर्च आला, कुणी नारळ दिले, कुणी जागा दिली. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा मिळवा. त्याचा उपयोग पुढं सांगतो.

मोठा कागद पुण्यातच आहे. कौन्सिल हॉलजवळचं पुराभिलेखागार, ज्याला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात, तिथं मोडीतली प्रचंड दफ्तरं आहेत. सदाशिव पेठेत 1910 साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. नुसतं "आमच्या गावाचं काही आहे का" असं विचारत जाऊ नका. परगणा कोणता, देशमुख-पाटील घराणं कोणतं, एवढं तरी हातात असू द्या. मोडी येत नसेल तर वाचणारी माणसं या शहरात जितकी सहज भेटतात तितकी इतरत्र क्वचितच. सुरुवातीला 1885 साली तीन भागांत निघालेलं पुणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर चाळा. साहेबाच्या चष्म्यातून लिहिलंय हे ध्यानात ठेवलं म्हणजे झालं.

जुन्या कागदांवर शके, फसली, सुहूर अशा वेगवेगळ्या कालगणना असतात, त्यामुळे सालांची गफलत हमखास होते. शके असेल तर 78 मिळवा, फसली असेल तर 590, सुहूर असेल तर 599. इसवी सन मिळतो, एखाद्या वर्षाच्या फरकानं. भिंतीवर मग 'सुमारे' लिहायला लाजू नका.

गाव किती जुनं, याची चढाओढ मात्र टाळा. इ.स. 768च्या तळेगाव ताम्रपटात पूनक 'विषया'तल्या, म्हणजे तेव्हाच्या प्रांतातल्या, गावांची नावं आहेत आणि अभ्यासकांनी त्यांतली काही आजच्या थेऊर, उरुळीशी जुळवली आहेत. तुमच्या गावाचं नाव त्यात नसेल तर ओढूनताणून घुसडायचं कारण नाही. लोहगावला तुकोबांचं आजोळ असल्याचा मान आहे, वाघोलीला पिलाजीराव जाधवरावांची समाधी आहे. सगळ्या गावांना अशी मोठी नावं लाभत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मोठ्या नावांना तुमच्या भिंतीची गरजही नाही. कुणाचं नाव दुसरीकडे कुठंच लिहिलेलं नाही, ते शोधा. सुईण, पोस्टमन, वायरमन, शाळेतल्या बाई, ढोलकीवाला, गावची पंपाची चावी सांभाळणारा.

कुणाला घ्यायचं, कुणाला नाही

इथं भांडणं होतात, म्हणून नियम आधी ठरवा आणि कागदावर सह्या घ्या. माझ्या मते तीन नियम पुरतात.

एक, हयात माणूस भिंतीवर नको. जाऊनही दहाएक वर्षं झालेली असावीत. हा नियम असला म्हणजे "आमच्या साहेबांचाही छोटासा फोटो बसवा" या सूचनेला हसून नाही म्हणता येतं.

दोन, प्रत्येक गोष्ट निदान दोन वेगवेगळ्या घरांतून किंवा एका घरातून आणि एका कागदातून आलेली असावी. नुसतं ऐकीव असेल तर 'गावात सांगतात' असं लिहा. त्यानं गोष्टीची गोडी कमी होत नाही.

तीन, नावांचा क्रम अकारविल्हे, आणि तोही पहिल्या नावावरून. आडनावावरून लावलात तर लोणीत काळभोरांची, बालेवाडीत बालवडकरांची, लोहगावात खांदव्यांची रांगच्या रांग उभी राहील आणि बाकीची घरं कोपऱ्यात जातील. पदव्या आणि 'कै.', 'ह.भ.प.', 'मा.' गाळा, सगळ्यांच्याच. नावापुढं कामाचा एकच शब्द किंवा एक ओळ.

बायकांची नावं हा खास चिकाटीचा भाग. कागदावर ती 'अमक्याची बायको' म्हणून येतात आणि गावात 'तमक्याची आई' म्हणून. माहेरचं नाव, सासरी बदललेलं नाव, दोन्ही विचारा. ज्याचं चित्र काढणार त्याच्या घरच्यांना कच्चं रेखाटन दाखवून लेखी होकार घ्या. बलुतेदारांची कामं दाखवताना जातीची पाटी चिकटवू नका. हत्यार दाखवा, हात दाखवा, नाव लिहा.

चित्र कसलं?

देवाचं चित्र नको, हे आधीच सांगतो. कुणी थुंकू नये म्हणून लोक सुचवतात. पण चित्राखाली महिन्याभरात उदबत्ती लागते, मग शेंदूर, मग छोटी घंटा. पुढं त्या भिंतीला कुणाला हात लावता येत नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो शिवाराचा नकाशा. जुन्या गाव नकाशावर म्हाताऱ्या माणसांकडून रानांची नावं भरून घ्या: चिंचेचा मळा, खळवाडी, वरला माळ, ज्या गावात जी असतील ती. त्यावर आजचे रस्ते फिकट रेषेनं टाका. सोसायटीतला माणूस भिंतीपुढं उभा राहून "म्हणजे आमचा पार्किंगचा भाग ओढ्यात होता तर" असं म्हणतो, आणि पावसाळ्यात तळघरात पाणी का शिरतं याचाही उलगडा होतो. ज्या घराची जमीन गेली त्यालाही तिथं आपलं रान नावानिशी सापडतं.

मुठेकाठच्या गावात 12 जुलै 1961च्या पानशेतच्या पुराची रेघ दाखवता येईल. मात्र ती खऱ्या उंचीवर, माहितगाराकडून आणि शक्य तर जुन्या खुणेवरून खात्री करूनच. लहान मुलं तिच्याखाली उभी राहून आपली उंची मोजतील, मोजू द्या. तालमीचा आखाडा, यात्रेचा छबिना, गुऱ्हाळाची कढई हेही येऊ दे, पण प्रत्येक चित्रात तुमच्याच गावातली एक तरी खूण हवी: त्या दीपमाळेचा कललेला माथा, त्या वेशीची तुटकी कमान. चित्रकाराला फोटो धाडून भागवू नका, चार दिवस गावात फिरू द्या. कला महाविद्यालयातले विद्यार्थी घेणार असाल तरी मानधन द्या, आणि त्यांच्या शिक्षकांना सुरुवातीपासून सोबत घ्या.

जागा आणि परवानगी

जागा बघताना विकास आराखडा बघा. भिंत रस्तारुंदीत जाणार असेल तर रंग वाळेपर्यंत जेसीबी येईल. वळणावरची भिंत टाळा. तिच्यापुढं उभं राहून बघणाऱ्याला मागून टँकर उडवेल. डीपी बॉक्स, कचऱ्याचा डबा, वडापावची गाडी कुठं आहे तेही आताच पाहून घ्या, कारण हलणार यांतलं काहीच नाही.

भिंत महापालिकेची असेल तर क्षेत्रीय कार्यालयात अर्ज. शाळेची असेल तर ज्यांच्या ताब्यात शाळा आहे त्यांची परवानगी. देवळाची असेल तर ट्रस्टचा ठराव, खासगी असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र, किती वर्षं चित्र ठेवणार हे लिहून. वास्तू वारसा यादीत असेल तर महापालिकेच्या हेरिटेज कक्षाकडे गेल्याशिवाय पर्याय नाही. परवानगीशिवाय सार्वजनिक भिंतीवर काही काढणं हे मालमत्ता विद्रूपणाच्या 1995च्या कायद्यात अडकू शकतं, हेतू कितीही चांगला असो. पुतळ्याचा विचार मनात असेल तर तो इथंच सोडा. त्याच्या परवानग्यांचा रस्ता फार वेगळा आणि फार लांबचा आहे.

अर्जासोबत चित्राचं रेखाटन, मजकुराची प्रत, मापं आणि देखभाल कोण करणार याचं पत्र जोडा. पोच घ्यायला विसरू नका. पाटीवर 'संकल्पना' आणि 'सौजन्य' या दोन शब्दांखाली कुणाची नावं येणार, हा विषय याच टप्प्यावर निघेल. आमच्या भिंतीच्या वेळी धोरण सरळ होतं: पाटीवर मदत करणाऱ्या सगळ्यांची नावं एकाच आकारात, फोटो कुणाचाच नाही. पुढं आचारसंहिता लागली की फोटोवाली भिंत कागदानं झाकतात आणि तो कागद काढताना रंगही निघतो.

भिंत, मग रंग

पुण्यात बाहेरच्या भिंतीचं काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीपर्यंत उरकावं. पावसाळा संपल्या-संपल्या भिंत वरून कोरडी दिसते, आतून नसते. पाहायचं असेल तर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपनं चिकटवून एक दिवस ठेवा. आतून थेंब जमले तर थांबा. ओल मागून येत असेल, म्हणजे मागं मातीचा भराव किंवा गळकी पाइपलाइन असेल, तर ती भिंत सोडून द्या. कुठलाही रंग तिच्यावर टिकत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

नवा गिलावा असेल तर निदान 28 दिवस जाऊ द्यात. जुनी भिंत तारेच्या ब्रशनं खरवडून पोपडे, शेवाळ आणि पांढरा खार काढा, धुवा, वाळवा, भेगा भरा. मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि त्यावर बाहेरच्या वापराचा ॲक्रिलिक इमल्शन. रंगाच्या दोन हातांना लिटरला साधारण 50 ते 60 चौरस फूट धरा; म्हणजे 40 बाय 8 फुटांच्या भिंतीला नुसत्या पायाच्या रंगालाच सहा-सात लिटर लागतात. चित्राचे रंग वेगळे. दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतीला ऊन खावं लागतं. तिथं भडक गुलाबी-जांभळे लवकर उडतात, गेरू, पिवळी माती, काळा असे मातीचे रंग टिकतात. तळाचा दीड फूट गडद गेरूचा पट्टा ठेवा. चिखलाचे शिंतोडे, कुत्री आणि पानाच्या पिचकाऱ्या सगळं त्यात खपतं, आणि पट्टा पुन्हा मारायला चित्रकार लागत नाही.

रेखाटन भिंतीवर चढवायला सुतळीला खडू लावून चौकटी मारा आणि कागदावरच्या चौकटीप्रमाणे चित्र मोठं करत न्या. रात्री प्रोजेक्टर लावूनही होतं, पण चौकटीच्या पद्धतीत गावातली मुलं हात लावू शकतात. परांची उंच असेल तर ती बांधायला माहीतगार माणूसच घ्या.

नावं मात्र रंगानं लिहू नका. चित्र पुन्हा रंगवता येतं, पण पुसट झालेल्या नावावर पुढचा रंगारी 'शांताबाई'चं 'शांताराम' करून ठेवतो. नावं काळ्या ग्रॅनाइटवर कोरून घ्या किंवा भट्टीत भाजलेल्या टाइलवर. कडाप्पा स्वस्त पडतो पण उन्हात पांढुरका होतो. पितळ-तांब्याची पाटी रात्रीतून भंगारात जाते. अक्षर दहा फुटांवरून वाचायचं तर निदान इंचभर उंच हवं, वेलांट्या-मात्रा धरून आणखी मोकळी जागा. कोरायला देण्याआधी मजकूर चार वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्या. त्यात एक निवृत्त मराठीचे शिक्षक आणि एक त्या नावांच्या घरातलं माणूस हवं. पुण्यात चुकलेली वेलांटी भिंतीपेक्षा जास्त वर्षं लक्षात राहते. क्यूआर कोड लावायचा तर लावा, रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवायला तो छान, पण त्यामागचं संकेतस्थळ बंद पडलं तरी भिंत समजली पाहिजे.

झाल्यावर

उद्घाटन यात्रेच्या आदल्या दिवशी ठेवा. बाहेरगावी गेलेली माणसं तेव्हा गावात असतात आणि पहिल्या तासातच दोन-तीन दुरुस्त्या सांगतात. म्हणून पेन्सिल आणि वही घेऊन कुणालातरी तिथंच उभं करा.

प्रत्येक रंगाच्या डब्यावर कंपनीचा शेड नंबर आणि चित्रातला भाग लिहा, थोडा रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत शिल्लक ठेवा. एकूण खर्चातला दहावा हिस्सा सुरुवातीलाच देखभालीसाठी बाजूला काढा, कारण उद्घाटनानंतर वर्गणी देणारा कुणी सापडत नाही. दर वर्षी पाऊस ओसरला की पाहणी, गेरूचा पट्टा, खरचटलेल्या जागा. रेकॉर्डिंग आणि फोटोंच्या दोन प्रती करा, एक गावातल्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवा.

नावांच्या शेवटी काही टाइल कोऱ्या सोडा. भिंत बघून पहिल्या वर्षातच लोक सांगत येतात, "आमच्या चुलत्यांचं राहिलं." असं नाव घालायचा निर्णय कोण, वर्षातून कधी आणि त्याच तीन नियमांनी घेणार, हे पाटीच्या खाली दोन ओळींत कोरून टाका.